रिकाम्या जागेचा हिशेब



अक्षरांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. अक्षर वळणदार असावे, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावे, काना-मात्रा विसरू नये, हे आपल्याला शाळेत पहिल्या इयत्तेपासून सांगितलेले आहे. आज मी बोलणार आहे ते दोन अक्षरांच्या मधल्या कोऱ्या जागेविषयी. "कोरी जागा ती काय, आणि तिच्यावर भाषण ते काय करायचं?" असे तुमच्यापैकी कुणी म्हणेल. पण शाळेच्या निकालाचा तक्ता, ग्रामपंचायतीची यादी, दूध संस्थेचा पंधरवड्याचा हिशेब हे सारे कागद आता संगणकावर तयार होतात. आणि ह्या कागदांत अक्षर चुकले तर ते निदान डोळ्यांना खुपते. कोरी जागा चुकली तर कुणालाच दिसत नाही. नुकसान मात्र होते. एकाचे गुण दुसऱ्या विषयाखाली जाऊन बसतात, एकाची रक्कम दुसऱ्या रकान्यात जाते. म्हणून हा हिशेब एकदा नीट समजून घेऊ.

आधी एक मौजेची गोष्ट सांगतो. शब्दाशब्दांत जागा सोडायची ही आपल्याकडची फार जुनी रीत नव्हे. अंबरनाथचे शिवमंदिर तुम्हापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. शिलाहार राजांच्या काळातले ते देऊळ. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असे साल आहे. अशा जुन्या लेखांत अक्षरे सलग कोरलेली असतात. शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याने आपल्या ज्ञानावर ओळखायचे. जुन्या पोथ्यांचेही तेच. मोडीत तर आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरे लटकवीत जायचे. शब्द तोडण्याचा प्रश्नच नाही. मोडी वाचायला बसलेल्या माणसाचा निम्मा वेळ अक्षर ओळखण्यात जातो आणि निम्मा शब्द तोडण्यात.

पुढे छापखाने आले, तशी ही जागा पक्की झाली. पक्की म्हणजे अगदी धातूची पक्की! कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. शब्द संपला की तो तिथे काहीच न ठेवता पुढे जात नसे, कारण मग दोन शब्द एकमेकांना चिकटले असते. तो तिथे शिशाचा एक तुकडा बसवी. हा तुकडा खिळ्यांपेक्षा बुटका असे, त्यामुळे त्याला शाई लागत नसे आणि कागदावर काही उमटत नसे. पण साच्यात तो होताच. जाड, बारीक अशा निरनिराळ्या मापांचे हे तुकडे केसमध्ये वेगवेगळ्या खणांत ठेवलेले असत. छापखान्यातल्या माणसाला कोरी जागा ही वस्तू आहे, हे शिकवावे लागत नसे. ती त्याच्या बोटांना लागत असे. आपल्या बोटांना ती लागत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण तिला 'काही नाही' समजतो. इथेच गफलत होते.

छापखान्यानंतर टाइपरायटर आला. १९५५ साली मुंबईत गोदरेजने टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, आणि पुढे कित्येक वर्षे कचेऱ्यांतून, कोर्टांच्या आवारांतून आणि टायपिंग शिकवणाऱ्या संस्थांतून ह्या यंत्राचा खडखडाट ऐकू येत असे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या पट्ट्यातल्या नोकरदार घरांत टायपिंगची परीक्षा दिलेले एखादे माणूस तुम्हाला सहज भेटेल. त्यांना विचारा, ते सांगतील. ह्या यंत्रावर कोरी जागा सोडण्याचे दोन मार्ग होते, आणि आज संगणकाच्या कीबोर्डवर नेमके तेच दोन आहेत. खाली लांबलचक पट्टी असते, तिला म्हणायचे स्पेस. आणि डाव्या बाजूला एक बटण असते, त्याला म्हणायचे टॅब.

दोन्हींचे काम वेगळे. स्पेसची पट्टी दाबली की टाइपरायटरची कॅरेज एक घर सरके. एकदा दाबा, एक घर. पाचदा दाबा, पाच घरे. टॅबचे तसे नव्हते. टाइप करणारा आधी कॅरेजच्या मागच्या पट्टीवर आपल्याला हव्या त्या ठिकाणी अडसर लावून ठेवी. मग टॅब दाबला की कॅरेज जी सुटे ती थेट पुढच्या अडसरावर जाऊन थांबे, मधली घरे तीन असोत की तेरा. टायपिंगच्या परीक्षेत गतीचा उतारा असतो तसा एक तक्ताही असतो, त्याला टायपिंगवाले 'स्टेटमेंट' म्हणतात. ते स्टेटमेंट करायचे तर आधी कागदावर घरे मोजून अडसर कुठे लावायचे हे ठरवायचे, आणि मगच पहिले अक्षर उमटवायचे, अशी त्यांची शिस्त असे.

हे अधिक सोपे करून सांगतो. कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल डोळ्यांपुढे आणा. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. स्पेस म्हणजे रुळांच्या कडेने पायी चालत जाणे. "शंभर पावले चाल" म्हटले तर शंभर पावले, ना कमी ना जास्त. टॅब म्हणजे लोकलने जाणे. गाडीत बसलेला माणूस अंतर मोजत नाही; पुढचे स्टेशन येईल तिथे तो उतरतो. विठ्ठलवाडी ते उल्हासनगर अंतर थोडे, अंबरनाथ ते बदलापूर अंतर पुष्कळ. पण गाडीत बसणाऱ्याच्या हिशेबी दोन्ही 'एक स्टेशन'च.

आता पुढचे ऐका, कारण सगळी मेख इथे आहे. उल्हासनगरला गाडीत बसणाऱ्या एखाद्या पाहुण्याला तुम्ही सांगितले, "पाहुणे, दुसऱ्या स्टेशनला उतरा." पहिले अंबरनाथ, दुसरे बदलापूर, पाहुणा बरोबर पोचला. पण अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली येथे नवे स्टेशन घेण्याचे ठरले आहे. ते उघडल्यावर तुमचा तोच निरोप घेऊन दुसरा पाहुणा निघाला, तर तो कुठे उतरेल? चिखलोलीला! त्याचे काहीच चुकले नाही, त्याने दोनच स्टेशने मोजली. मधल्या स्टेशनांची संख्या बदलली. तुम्ही जर "बदलापूरला उतरा" असे सांगितले असते, तर मध्ये दहा स्टेशने झाली तरी निरोप खोटा ठरला नसता.

टॅबचे अगदी हेच आहे. टाइपरायटरवर अडसर आणि कागद दोन्ही एकाच यंत्रावर असत. एकदा कागदावर शाई उमटली की काम संपले. तो कागद कुठेही न्या, त्यातला आकडा आपली जागा सोडत नसे. संगणकाने हे दोन वेगळे केले. संगणक अक्षरे साठवतो ती आकड्यांच्या रूपाने. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देणारी एक सर्वमान्य यादी तयार झाली, आणि तिच्यातले क्रमांक आजतागायत चालू आहेत. तिच्यात स्पेसचा क्रमांक ३२ आणि टॅबचा क्रमांक ९. म्हणजे तुम्ही टॅब दाबता तेव्हा फाइलमध्ये फक्त 'नऊ' एवढी खूण पडते. 'पुढच्या स्टेशनला उतरा' एवढाच तो निरोप. स्टेशने कुठे आहेत, हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कुठेही लिहिलेले नसते. ते ज्याच्या-त्याच्या संगणकावर ज्याने-त्याने ठरवायचे. कुठे दर आठ घरांवर स्टेशन असते, कुठे दर चार घरांवर, तर कुणी दोन घरांवर ठेवतात. तीच फाइल, तेच क्रमांक. पण दोन संगणकांवर दोन रूपे.

शिक्षक मित्रहो, आता गणिताची चौकटीची वही आणि पेन्सिल घ्या. आपण हा प्रकार हातानेच करून पाहू. एका चौकटीत एक अक्षर लिहायचे. जोडाक्षर असो की काना-मात्रा असो, ते एकच अक्षर धरायचे. दर चौथ्या चौकटीनंतर एक उभी रेघ मारा. ही आपली स्टेशने.

पहिल्या ओळीत मथळा लिहा. 'नाव' ह्या शब्दाची दोन घरे. मग टॅब, की आपण चौथ्या घराच्या रेघेवर आलो. आणखी एक टॅब, आठव्यावर आलो. तिथून पुढे 'मराठी' लिहा, तीन घरे, म्हणजे अकरा झाली. टॅब, बाराव्यावर आलो, 'गणित' लिहा. टॅब, सोळाव्यावर आलो, 'विज्ञान' लिहा. दुसऱ्या ओळीत 'कमल'. तीन घरे, मग दोन टॅब, आठव्यावर. तिथे तिचे गुण ६४, टॅब, ५८, टॅब, ६१. तिसऱ्या ओळीत 'भागीरथी'. चार घरे. आता ती स्वतःच चौथ्या घराच्या रेघेवर उभी आहे. स्टेशनात उभ्या असलेल्या माणसाने गाडी पकडली तर तो पुढच्या स्टेशनला जातो. म्हणून एकाच टॅबमध्ये आठवे घर आले. दुसरा टॅब दाबायची गरजच राहिली नाही. तिचे गुण मराठी ७१, गणित ९२, विज्ञान ६८. सगळे कसे रांगेत बसले! पडद्यावर असे दिसले की गुरुजी खूष, बाई खूष, आणि फाइल तालुक्याला रवाना.

तालुक्याच्या संगणकावर स्टेशने दर आठ घरांवर आहेत. वहीच्या नव्या पानावर आता दर आठव्या चौकटीनंतर रेघ मारा आणि त्याच ओळी पुन्हा लिहा. टॅब जितके होते तितकेच. 'नाव', दोन टॅब, म्हणजे आठ, मग सोळा. सोळाव्या घरानंतर 'मराठी', चोविसाव्यानंतर 'गणित', बत्तिसाव्यानंतर 'विज्ञान'. कमलचेही दोन टॅब. तिचे गुण मथळ्यांखाली बरोबर बसले. आता भागीरथी. चार घरे आणि एकच टॅब, म्हणजे आठवे घर. तिथे ७१. पण आठव्या घरानंतर तर कुठलाच विषय नाही! पुढचा टॅब, सोळावे घर, तिथे ९२. वर मथळा आहे 'मराठी'. पुढचा टॅब, चोविसावे घर, तिथे ६८. वर मथळा आहे 'गणित'. आणि 'विज्ञान'च्या खाली काहीच नाही.

बघा, काय झाले ते. मराठीचे ७१ गुण नावाशेजारी एकटेच उभे. पाहणाऱ्याला तो हजेरी क्रमांक वाटेल. गणितातले ९२ मराठीच्या नावावर, विज्ञानातले ६८ गणिताच्या नावावर, आणि विज्ञानात मुलगी गैरहजर! एकही आकडा चुकलेला नाही. पाठवणाऱ्या शिक्षकाने ताळा पाहिला तर तो बरोबर आहे. कागद घेणारा कारकूनही खोटे बोलत नाही, त्याला जे दिसले ते त्याने उतरून घेतले. मुलीचे मात्र वर्ष पणाला लागले. पाच-पन्नास मुलांच्या यादीत अशा दोन-तीन ओळी सरकल्या तर त्या चटकन लक्षात येत नाहीत; उलट सगळ्या ओळी सरकल्या असत्या तर कुणी तरी ओरडले असते. लांब नावाची मुले इकडे आणि आखूड नावाची तिकडे, असा हा अन्याय होतो.

तुम्ही म्हणाल, "मग टॅबच नको. आम्ही आपली स्पेसची पट्टी दाबत नेऊ. पावले मोजली की काम झाले." टाइपरायटरवर हे खरे होते, कारण तिथे प्रत्येक घर सारख्याच रुंदीचे. मात्रा, उकार, अनुस्वार अशा काही कळांना तर कॅरेज पुढे सरकतच नसे. पण आजच्या छापील वळणाच्या अक्षरांत प्रत्येकाची रुंदी वेगळी. मराठीत 'र' केवढासा आणि 'क्ष' केवढा! दहा अक्षरांचे एक नाव दुसऱ्या दहा अक्षरांच्या नावाएवढे लांब होईल, ही आशाच सोडा. त्यात आणखी एक गंमत. 'कमल' ह्या नावात तीन अक्षरे, आणि संगणकही तिथे तीनच क्रमांक साठवतो. 'प्राजक्ता' ह्या नावातही आपल्या कानांना तीनच अक्षरे ऐकू येतात, प्रा, ज, क्ता. पण संगणकाच्या लेखी तिथे नऊ क्रमांक आहेत: प, हलन्ताची खूण, र, काना, ज, क, पुन्हा हलन्ताची खूण, त आणि काना. मोजून पाहा. तेव्हा घरे मोजणाऱ्या प्रोग्रॅमने कशाला घर म्हणायचे, इथपासूनच वाद. कुणी क्रमांक मोजतो, कुणी दिसणारी अक्षरे मोजतो. चौकटीच्या वहीतला आपला हिशेब समजण्यापुरता बरोबर आहे. प्रत्यक्ष मराठी मजकुरात घोटाळा ह्याहूनही जास्त होतो.

स्पेसची रुंदीही कायमची नसते. अक्षराचे वळण बदलले की ती बदलते. ओळी दोन्ही समासांना भिडवायच्या, असे तुम्ही संगणकाला सांगितले असेल, तर तो प्रत्येक ओळीतल्या स्पेस ताणून तशा बसवतो. मग शेजारशेजारच्या दोन ओळींतल्या स्पेसही सारख्या उरत नाहीत. लहान मुलाची शंभर पावले आणि मोठ्या माणसाची शंभर पावले एका ठिकाणी पोचत नाहीत, तसेच हे. पडद्यावर डोळ्याने जमवलेली रांग पेन ड्राइव्हमध्ये घालून तुम्ही बाजारातल्या दुकानात नेता. तिथल्या संगणकावर तुमच्या वळणाची अक्षरे नसतात. तो जवळची दुसरी वापरतो. कागद बाहेर येतो तो वेडावाकडा. "दादा, घरी तर बरोबर दिसत होतं हो!" "अहो काका, इथं असंच येतंय, मी तरी काय करू?" ह्या संवादात दोघेही खरे बोलत असतात.

छपाईच्या वेळी आणखी एक हात मध्ये येतो, तो म्हणजे छापणारे यंत्र. आजची बहुतेक यंत्रे संगणकाने आखून दिलेले पान जसेच्या तसे छापतात. पण पावत्या आणि याद्या छापणारी, टिकटिक आवाज करणारी ठिपक्यांची जुनी यंत्रे अजून पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यांच्याकडे साधा मजकूर तसाच पाठवला, तर टॅबची स्टेशने ती आपली आपण ठरवतात, बहुधा दर आठ घरांवर. म्हणजे पडद्यावर चारची रांग आणि कागदावर आठची. पडदा एक सांगतो, कागद दुसरे.

मग ह्यावर उपाय काय? उपाय सोपे आहेत, आणि ते आपल्या टाइपरायटरवाल्या पिढीला ठाऊकच होते.

पहिला उपाय, न दिसणारे दिसते करा. लिहिण्याच्या प्रत्येक चांगल्या प्रोग्रॅममध्ये त्याची सोय असते. वर्डमध्ये वरच्या पट्टीत इंग्रजी पी उलटा काढल्यासारखे एक चिन्ह आहे, ते दाबा. लिब्रेऑफिस रायटरमध्ये कंट्रोल आणि एफ-१० ही बटणे एकदम दाबा. लगेच प्रत्येक स्पेसच्या जागी अक्षराच्या मध्यावर एक ठिपका दिसेल आणि प्रत्येक टॅबच्या जागी एक बाण. ह्या खुणा कागदावर छापल्या जात नाहीत, तेव्हा घाबरू नका. एकदा त्या दिसल्या की मघाचा सगळा प्रकार उघडा पडतो. कमलपुढे दोन बाण, भागीरथीपुढे एकच! जिथे ओळीने वीस-वीस ठिपके दिसतील, तिथे कुणी तरी पावले मोजीत गेला आहे असे समजा. मी तर म्हणेन, दुसऱ्याने पाठवलेला तक्ता आला की आधी हे चिन्ह दाबावे आणि मग आकडे वाचावेत.

दुसरा उपाय, दोन रकान्यांमध्ये टॅब एकच. कधीही दोन नाहीत. नाव लांब असो की आखूड, सगळ्यांना एक. रांग बसली नाही तर टॅब वाढवू नका, स्टेशन हलवा. पानाच्या वरच्या बाजूला फूटपट्टीसारखी जी पट्टी दिसते, तिच्यावर सगळ्या ओळी निवडून टिचकी मारली की तिथे थांबा तयार होतो. तो सर्वांत लांब नावाच्याही पलीकडे ठेवा. तुम्ही काहीच ठरवले नाही, तर वर्ड आपल्या मनाने दर १.२७ सेंटीमीटरवर, म्हणजे दर अर्ध्या इंचावर, थांबा धरतो. तुम्ही ठरवलेले थांबे मात्र ह्या प्रोग्रॅमांच्या फाइलमध्ये मजकुराबरोबर साठवले जातात आणि फाइल जाईल तिथे जातात. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, नोटपॅडमध्ये लिहिता तशा, ही सोय नाही, हे ध्यानात ठेवा. थांब्यांतही प्रकार आहेत. आकड्यांसाठी उजवा थांबा घ्या, म्हणजे एककाखाली एकक, दशकाखाली दशक येईल. रुपये-पैशांसाठी दशांशाचा थांबा घ्या, म्हणजे सगळे दशांशबिंदू एका उभ्या रेघेत येतील. दूध संस्थेच्या हिशेबाला ह्याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही.

एकच टॅब का, ह्याचे आणखी एक कारण आहे. हिशेबाच्या तक्त्यांचे जे प्रोग्रॅम आहेत, एक्सेल आणि त्याची भावंडे, त्यांत अशी यादी चिकटवली की ते टॅबचा अर्थ 'पुढचा रकाना' असा घेतात. दोन टॅब म्हणजे मध्ये एक रिकामा रकाना. मघाची यादी तिथे चिकटवून पाहा. कमलचे गुण एका रकान्यातून सुरू होतील, भागीरथीचे त्याच्या अलीकडच्या. चूक तालुक्याच्या संगणकाची नव्हतीच, ती पहिल्याच दिवशी आपल्या हाताने झाली होती.

तिसरा उपाय, रकाने दोनाहून जास्त असतील तर सरळ तक्ता आखा. प्रोग्रॅममध्येच रेघांचा तक्ता घालण्याची सोय असते. त्यात प्रत्येक आकड्याला आपली चौकट मिळते. मग अक्षर बदलले, माप बदलले, तरी आकडा आपल्या मथळ्याखालून हलत नाही. निकालाच्या कागदाला दुसरी कुठलीच पद्धत वापरू नये, असे मला वाटते.

चौथा उपाय छपाईपुरता. बाहेर छापायला द्यायचा कागद आपल्याच संगणकावर पीडीएफ करून द्या. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा पानावर नेमून दिलेली असते, आणि बहुतेक वेळा अक्षरांचे वळणही तिच्यातच बांधून दिलेले असते. दुकानदाराच्या संगणकाला मग आपली अक्कल चालवायला वाव राहत नाही. दुरुस्तीसाठी मूळ फाइलही जवळ ठेवा, पण छापायला पीडीएफच. ती आपल्या पडद्यावर एकदा नीट पाहून घ्या. जे दिसेल तेच कागदावर येईल.

कोरी जागा फक्त तक्त्यातच छळते असे नाही. नावाच्या शेवटी चुकून दाबलेली एक स्पेस घ्या. 'कमल' आणि 'कमल'पुढे स्पेस, ही संगणकाच्या हिशेबी दोन वेगळी नावे. यादीत मुलगी असते, पण नाव जुळवून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ती सापडत नाही. इंटरनेटवरून उचलून चिकटवलेल्या मजकुरात तर १६० क्रमांकाची एक वेगळीच स्पेस असते. ती दिसायला साध्या स्पेससारखीच, पण दोन शब्दांना एका ओळीत बांधून ठेवणारी. एक्सेलमध्ये फालतू स्पेस काढून टाकणारे 'ट्रिम' नावाचे सूत्र आहे. तेही हिला ओळखत नाही.

आणि ज्या शाळांतून मुलांना पायथन ही संगणकाची भाषा शिकवतात, तिथल्या शिक्षकांसाठी एक शब्द. ह्या भाषेत ओळीच्या सुरुवातीची कोरी जागा हीच आज्ञा असते. कुठले काम पुन्हापुन्हा करायचे आणि कुठले एकदाच, हे ती ओळ किती आत सरकली आहे त्यावरून ठरते. जुन्या पायथनमध्ये टॅब आणि स्पेस मिसळले तरी चालत असे. यंत्र टॅबला आठ घरांच्या हिशेबाने धरी आणि लिहिणाऱ्याच्या पडद्यावर तो चारचा दिसे. डोळ्यांना एक, यंत्राला दुसरे. २००८ साली पायथनची तिसरी आवृत्ती आली, तिने ह्या घोळदार मिसळीला सरळ नकार दिला. आता असे लिहिले तर यंत्र थांबते आणि चूक दाखवते. मुलांना पहिल्याच दिवशी चार स्पेसची सवय लावा. त्या भाषेच्या कर्त्यांचीही शिफारस तीच आहे. लिहिण्याचे बहुतेक प्रोग्रॅम टॅबचे बटण दाबल्यावर आपण होऊन चार स्पेस घालतात, तेवढी सोय चालू करून ठेवा.

जाता जाता उल्हासनगरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या बांधवांची ही वसाहत. १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधी भाषा देवनागरीतही लिहितात आणि अरबी वळणाच्या लिपीतही. ही दुसरी लिपी उजवीकडून डावीकडे जाते. तिच्यात संगणकावर लिहिताना परिच्छेदाची दिशा उजवीकडून ठरवली, की टॅबही डावीकडे धावतो. पहिला रकाना उजव्या हाताला, शेवटचा डाव्या हाताला. म्हणजे टॅब ही डावीकडची किंवा उजवीकडची जागा नव्हे. 'पुढे' एवढाच तिचा अर्थ. पुढे कुठे, हे लिहिणाऱ्याने सांगायचे असते. ज्याने सांगितले नाही, त्याच्या वतीने यंत्र ठरवते, आणि प्रत्येक यंत्र निराळे ठरवते.

तेव्हा मित्रहो, निकालाचे दिवस आले की एवढे करा. तक्ता पाठवण्याआधी ठिपके आणि बाण उघडून पाहा. एका ओळीत जितके बाण, तितकेच प्रत्येक ओळीत आहेत ना, हे बोटाने मोजा. फाइल शेजारच्या शिक्षकाच्या संगणकावर एकदा उघडा आणि यादीतल्या सर्वांत लांब नावाची व सर्वांत आखूड नावाची ओळ मथळ्याशी ताडून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. त्या पाच मिनिटांत एखाद्या भागीरथीचे ९२ गुण गणिताखालीच राहतील.